दहा मिलिलिटर म्हणजे किती चमचे

लिटर या देशात आणण्यात माझाही थोडा हात होता, हे आधीच सांगून टाकतो. लपवून काही उपयोग व्हायचा नाही. बासष्ट साली मी अमरावतीला वजनमापांच्या कचेरीत कारकून होतो. शेर, पावशेर, अदपाव हे सगळं जाऊन लिटर आणि मिलिलिटर येत होतं, आणि ते का येतं आहे हे लोकांना समजावून सांगायला साहेब मला गावोगाव पाठवायचे. मोर्शीच्या बाजारात मी बोललो, वलगावला चावडीसमोर बोललो. वलगाव तर माझंच गाव. ज्या पारावर माझ्या बापाला कोणी बसू दिलं नव्हतं, त्या पारावर उभं राहून मी "एक लिटर म्हणजे हजार मिलिलिटर" असं ठणकावून सांगितलं आणि लोकांनी ते ऐकून घेतलं. पटलं की नाही ते निराळं.

त्यामुळे आमच्या गल्लीत मापाचा विषय निघाला की लोक माझ्याकडे बोट दाखवायचे. शेजारचे खुशालराव बोट दाखवायचे आणि वर हसायचेही. वलगावला त्यांची बऱ्यापैकी काळी जमीन होती, पोरांच्या शाळेसाठी अमरावतीला घर केलेलं. रोज सकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसत, तंबाखू मळत आणि माझ्या खात्याचा समाचार घेत. चहाचं विचारलं की त्यांचा चहा नेहमी 'आत्ताच झालेला' असे. आम्ही बौद्ध झालो त्याच्या आधीही तो आत्ताच झालेला असे आणि नंतरही, म्हणून माझ्या बायकोने, इंदूने, विचारायचंच सोडलं होतं.

"देवराव," ते म्हणायचे, "तुया लिटर आला तवापासून माही म्हैस दूध कमी देऊन राहिली."

मी शासकीय नोकर असल्यामुळे अशा बोलण्याला उत्तर देत नसे.

तर अशा या माझ्या घरात त्या थंडीत माझी माय, भागीरथाबाई, खोकायला लागली. वलगावहून कापसाची वेचणी आटोपून आली ती छातीत खोकला घेऊनच. दिवस नाही, रात्र नाही. खोकून खोकून ती अंथरुणावर उठून बसायची आणि भिंतीला टेकून श्वास गोळा करायची. माझा बाप मी लहान असताना गेला, आणि असाच खोकून गेला. तेव्हा औषधाचा प्रश्नच नव्हता, कारण दवाखानाच नव्हता. मायचा तो आवाज आला की माझ्या हातातला घास हातातच राहायचा. गल्लीत मी तोंडाने कितीही गमजा मारल्या तरी आतून मी भ्यालो होतो.

डॉक्टर तरुण होता, नुकताच अमरावतीत आलेला. त्याने छाती तपासली आणि म्हणाला, "घाबरू नका. हे औषध द्या, उतरेल." पूर्वी औषध म्हणजे कंपाउंडरने कालवलेलं लाल पाणी आणि बाटलीवर खळीने चिकटवलेली कागदाची पट्टी. पट्टीला कातरीने खाचा पाडलेल्या असत. एका वेळी एक खाच औषध प्यायचं, की काम झालं. बायाबापड्यांनाही ते कळायचं. ही बाटली मात्र कंपनीची, छापील लेबलाची आणि बिनपट्टीची निघाली. लेबलावर लिहिलेलं, दहा मिलिलिटर, दिवसातून तीन वेळा.

"नव्या मापाचं आहे," डॉक्टर म्हणाला, "पण तुम्ही तर त्याच खात्यातले. तुम्हाला मी काय सांगणार?"

"छे, छे," असं म्हणून मी हसलो. त्या हसण्याची किंमत मला पुढे पुष्कळ मोजावी लागली.

घरी येऊन बाटली हातात धरली तेव्हा कळलं, की हजार मिलिलिटरचा लिटर होतो हे मला तोंडपाठ आहे. पण त्यातले दहा मिलिलिटर मायच्या तोंडात घालायचे तर ते किती दिसतात, याची मला काडीची कल्पना नाही. परत दवाखान्यात गेलो. डॉक्टर मेहुणीच्या लग्नाला अकोल्याला निघून गेला होता. कंपाउंडर म्हणाला, "मले औंस येते, ड्राम येते. तुमचं ते तुमीच आनलं, तुमीच पाहा."

इंदूने घरातले सगळे चमचे ओसरीवर मांडले. एक चहाचा. एक आमच्या लग्नात आलेला, जर्मन सिल्व्हरचा, दांड्यावर गुलाबाचं फूल. एक तिच्या माहेरचा पितळी, खोलगट. आणि एक जत्रेतला, ज्याचं टोक चेपलेलं होतं. पाणी भरून पाहिलं, तर एकाचं माप दुसऱ्याशी जुळेना. पितळी चमच्यातलं पाणी चहाच्या चमच्यात ओतलं की जमिनीवर सांडायचं.

एवढ्यात खुशालराव आले. त्यांच्या मागोमाग त्यांच्या पत्नी गोदाबाई आल्या, आणि ओसरीची सभा झाली.

"मोजून काहून देता?" खुशालराव म्हणाले. "अंदाजानं द्या. म्हशीले आमी बांबूच्या नळीनं पाजतो, म्हैस कदी बोलली का मिलिलिटर?"

"म्हशीची गोष्ट येगळी," गोदाबाई म्हणाल्या. "मानसाले पनतीनं द्या. माह्या पोरांले मी गुटी पनतीनंच देल्ली. एक तरी वाया गेला का?"

"एक गेला," खुशालराव म्हणाले. "तुया भावाच्या दुकानावर बसते तो."

असं बोलता बोलता खुशालरावांनाच खोकल्याची ढास लागली. थंडीच तशी होती, अर्धी गल्ली खोकत होती. त्यांनी पाणी मागितलं नाही, घरी जाऊन प्याले आणि परत येऊन बसले.

मी निक्षून सांगितलं, की माप ठरल्याशिवाय या बाटलीचं बूच निघायचं नाही. कमी दिलं तर गुण नाही, जास्त दिलं तर काय होईल कोणास ठाऊक; औषध आहे, ताक नाही. आत माय खोकत होती. ती म्हणाली, "बावा, माप ठरोस्तर मी उरीन का नाई ते पाय." इंदूने मुकाट्याने अडुळशाचा काढा टाकला, आणि माझ्याकडे असं काही पाहिलं की मी दुसऱ्या दिवशी कचेरीत जरा लवकरच गेलो.

आमच्या कचेरीत प्रमाणित मापांचा एक पितळी संच होता. सोन्यासारखा लखलखीत, मखमली पेटीत ठेवलेला. त्यातलं सगळ्यात लहान माप वीस मिलिलिटरचं. हिशेब सोपा होता. ते माप पाण्याने भरायचं, चमच्याने रिकामं करायचं, जितके चमचे लागतील त्यांच्या निम्मे म्हणजे दहा मिलिलिटर. शाळेतल्या पोरालाही जमेल. मी कोटाच्या खिशात चारही चमचे घालून गेलो आणि साहेबांपुढे उभा राहिलो. साहेब पुण्याकडचे, बोलणं अगदी मऊ.

"तायडे, तुमच्या मातोश्रींबद्दल मला सहानुभूती आहे," ते म्हणाले. "पण त्या मापात चमचा बुडवता येणार नाही."

"बुडवत नाही साहेब, ओतून घेतो."

"ओतलं की माप ओलं होईल."

"पुसून ठेवतो."

"कशाने पुसणार?"

मी कोटाची बाही पुढे केली. साहेब म्हणाले, लेखी अर्ज करा. मी अर्ज केला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि समासात शेरा मारला, 'चमचा हे माप कायद्याने अस्तित्वात आहे काय? नागपूरहून खुलासा मागवावा.' मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "आणि एक लक्षात ठेवा. शिक्का नसलेलं माप वापरू नका असं आपणच लोकांना सांगतो. आपल्याच माणसाच्या घरात बिनशिक्क्याच्या चमच्याने मोजून काही दिलं जातंय, हे बाहेर गेलं तर बरं दिसणार नाही. द्यायचं तर द्या, पण मोजू नका."

म्हणजे फिरून खुशालरावांची म्हैसच आली. ती म्हैस पुणेरी भाषेत येईल असं मात्र मला वाटलं नव्हतं.

त्या रात्री मायला झोप नाही, म्हणून कोणालाच झोप नाही. पहाटे मी ठरवलं, अकोल्याला जाऊन डॉक्टरलाच विचारायचं. इंदू म्हणाली, "लग्नाच्या घरी जाऊन चमचे दाखवाल?" मी म्हणालो, हो. मायच्या उशाशी बाटली होती. तिला बजावलं, "माय, मी येईपर्यंत याले हात लावायचा नाही." ती म्हणाली, "नाई लावत बावा. तू तं लावूच देत नाईस."

रविवार होता. पहिल्या मोटारीने निघालो. खिशातले चमचे प्रत्येक खड्ड्याला वाजत होते आणि शेजारचा उतारू माझ्याकडे बघून आपलं गाठोडं मांडीवर घट्ट धरून बसला होता. अकोल्याला उतरलो, मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो आणि सनईच्या आवाजावरून मांडव शोधून काढला. फराळाची पंगत नुकतीच उठली होती. पोह्यांच्या बशा आणि चमचे एका मोठ्या घंगाळात पडत होते, आणि भांड्यांवर नेमलेले एक म्हातारे गृहस्थ हताश होऊन त्यात हात घालून बसले होते. भांडी भाड्याची होती. मोजणीत चमचे कमी भरत होते.

आता माझी चूक एवढीच, की नेमक्या त्याच वेळी मी त्यांना वाकून नमस्कार केला. खिसा वाजला.

म्हातारबांनी मान वर केली. "पावने, कोनाकडले?"

"डॉक्टरसाहेबांकडे काम होतं."

"खिशात काय आहे?"

"चमचे," मी म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि असती तरी त्या वेळी सुचलं नसतं.

पुढचं फार लांबवत नाही. मांडवातले लोक गोळा झाले. मी खात्याचं नाव सांगितलं, तेव्हा कोणी तरी म्हणालं, "वजनमापवाला आहे, मंग तं चोरच असन." मी म्हणालो की हे चमचे अमरावतीचे आहेत. म्हातारबांनी ते एकेक करून उजेडात धरले. गुलाबाच्या फुलाचा पाहून म्हणाले, "असाच एक आमचा आहे." ज्या माणसाने पारावर उभं राहून शासनाच्या वतीने भाषणं केली, त्याचे खिसे आता नवरदेवाच्या मामाकडून उलटे केले जात होते. मला भयंकर अपमान वाटला. पण त्याच वेळी मायचा आवाज कानात येत होता, म्हणून तिथून हललो नाही. एवढं लिहितो ते स्वतःची बाजू म्हणून.

शेवटी डॉक्टर आतून आला, धोतर सावरत, कपाळाला कुंकू. त्याने मला ओळखलं आणि सगळा प्रकार ऐकून तो खाली बसून हसला.

"अहो तायडे, साधा चहाचा चमचा म्हणजे पाच मिलिलिटर. दोन चमचे द्या, झालं."

"कोणता चहाचा चमचा?" मी विचारलं. म्हातारबांच्या हातात चार प्रकारचे होते.

डॉक्टरने चारही निरखले आणि आमच्या घरचा साधा चहाचा चमचा उचलून मला दिला. "हा. याने दोन. थोडं इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही." आणि जाता जाता हसून म्हणाला, "फक्त एकदम अर्धी बाटली पाजू नका. त्यात गुंगीचं औषध असतं. म्हातारं माणूस झोपलं, तर उठवायला मलाच यावं लागेल."

बाकीचे तीन चमचे म्हातारबांनी घंगाळात टाकले. त्यांचा हिशेब जुळला. मी वाद घातला नाही. इंदूच्या माहेरचा पितळी त्यात होता. त्याबद्दल मी आजही ऐकतो.

घरी पोचलो तेव्हा दुपार टळत होती. चमचा मुठीत धरून, वरात घेऊन आल्यासारखा मी गल्लीत शिरलो. घराजवळ आलो आणि पाय थबकले. खोकला ऐकू येत नव्हता. गेले कित्येक दिवस गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा तो आवाज बंद होता. इंदू नळावर गेली होती. मी आत गेलो. माय गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, हात गोधडीबाहेर पडलेला. उशाशी बाटली होती. बाटली अर्धी होती.

डॉक्टरचं ते हसून बोलणं मला आठवलं. अर्धी बाटली म्हणजे किती मिलिलिटर, किती चमचे, हे त्या क्षणी मला एकदम, चुकता न येण्याइतकं स्पष्ट कळलं. मी मायला हाक मारली. ती हलली नाही. खांदा धरून हलवलं. मान इकडची तिकडे झाली. मी ओरडलो असेन, कारण इंदू घागर टाकून धावत आली आणि तिच्यामागे गोदाबाई. इंदूने पाण्याचा हबका मारला.

मायने एक डोळा उघडला. "काहून झोडपून राहिले? आताच कोठी डोया लागला होता."

"माय, किती पिलीस तू?" मी बाटली तिच्यापुढे धरली. "अर्धी बाटली पिलीस?"

"मी कायले पिऊ? तूच तं सांगतलं, हात लावू नोको."

"मग औषध कुठे गेलं?"

"खुशालरावाले देल्लं," माय म्हणाली. "सकायपासून खोकून राहिला होता बिच्चारा. वाटीत ओतून देल्लं अर्धं. तू ठेवलं तं मी काय एकलीच पेऊ?"

आमच्या गल्लीची रीत सांगायला हवी. विरजण, चुलीचा विस्तव आणि दवाखान्यातलं औषध या तीन गोष्टी कोणी एकट्यापुरत्या ठेवत नसे. एकाच्या खोकल्याची बाटली पाच घरं फिरून येई. बाटलीला पट्टी होती तेव्हा त्यात धोका नव्हता. खाच मोजून द्यायचं. मायने रीत पाळली होती. फक्त आता खाचा नव्हत्या.

मी कपाळाला हात लावला. माय जिवंत होती, ती आपल्याच थकव्याने, घरात कोणी वाद घालायला नव्हतं म्हणून झोपली होती. आणि तेवढ्यात गोदाबाई म्हणाल्या, "अवो, हे बी दुपारपासून दार लावून पडले. आवाज नाई."

आम्ही सगळे पलीकडे धावलो. दार आतून कडी लावलेलं. मी थापा मारल्या. "खुशालराव. खुशालरावजी." उत्तर नाही. गोदाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या माणसाने आयुष्यात कधी काही मोजलं नव्हतं. वाटी तोंडाला लावली असेल आणि रिकामी करून ठेवली असेल, म्हशीच्या हिशेबाने. त्याने माझी जन्मभर थट्टा केली होती आणि मी दाराला डोकं टेकून त्याच्यासाठी मनातल्या मनात हात जोडत होतो.

आतून खोकला आला. चांगला दणदणीत, छाती फोडणारा खोकला. इतका गोड आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

कडी निघाली. खुशालराव घोंगडी पांघरून उभे होते. "आला का तू? तुयीच वाट पाहून राहिलो होतो सकायपासून." मागे देवळीत आमची वाटी ठेवलेली होती, वर ताटली झाकलेली. मी ताटली उचलली. औषध जसंच्या तसं होतं.

"घेतलं नाही?" मी विचारलं.

"कसं घेऊ? किती घ्याचं ते कोठी माईत आहे." ते जरा रागावूनच म्हणाले. "भागीरथाबाई म्हने, देवराव माप आनाले अकोल्याले गेला. म्हटलं मंग येऊ दे. तो सांगीन तेवढंच घेईन."

"तुम्ही तर अंदाजाने द्या म्हणत होता."

"तं तुया मायसाठी म्हनत होतो ना," खुशालराव म्हणाले. "सोतासाठी कोन अंदाजानं घेते?"

मी त्यांना त्यांच्या ओट्यावर बसवलं आणि चमचा काढला. आमच्या वाटीतून, आमच्या चमच्याने, दोन चमचे. त्यांनी लहान मुलासारखं तोंड उघडलं, गिळलं आणि तोंड वाकडं केलं. चमचा मी त्यांच्या हातात दिला नव्हता आणि त्यांनी मागितलाही नव्हता. माझ्या लहानपणी वलगावात यांच्या विहिरीवर माझ्या बापाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. हे मला ठाऊक होतं, त्यांनाही होतं, आणि दोघांनीही ते काढलं नाही. इंदूने मात्र आपल्या दारातून सहज विचारलं, "च्या टाकू का भाऊजी?" ते जरा वेळ घोंगडीची दशी ओढत बसले, मग म्हणाले, "टाका. तोंड लय कडू झालं."

मायला दोन चमचे दिले. ती म्हणाली, "एवढंसंच? एवढ्यासाठी अकोल्याले गेला होता?" आणि कुशीवर वळली.

संध्याकाळ झाली. पलीकडचा खोकला थांबला, इकडचाही थांबला. गल्ली इतकी गप्प झाली की कोपऱ्यावरची पिठाची चक्की ऐकू यायला लागली. मी ओसरीवर बसलो होतो. खरं सांगतो, मला रडू आलं. बापाच्या वेळी जे जमलं नव्हतं ते जमलं होतं, आणि त्यासाठी चोर ठरावं लागलं असलं तरी माझी हरकत नव्हती. इंदू म्हणाली, "आता घडीघडी जाऊन पाहू नका. झोपू द्या त्यायले." मी म्हणालो, नाही जात.

थोड्या वेळाने हळूच आत गेलो. मायच्या नाकाशी हात धरला. श्वास येत होता, गरम आणि संथ. तरी खात्री होईना, म्हणून हात तसाच ठेवून उभा राहिलो.

"जित्ती आहो मी," माय डोळे मिटूनच म्हणाली. "जाय, जेवून घे."